हृदयाचा महिना अलीकडे आणा

प्रिय भाऊजी,

वहिनीचा नमस्कार. तुमची तब्येत, जाऊबाईंची पाठदुखी आणि धाकटीची परीक्षा, तिन्ही ठीक आहेत असं मी धरून चालते, कारण उत्तराची वाट बघायला वेळ नाही. तुमचे थोरले बंधू बोटीवर आहेत आणि समुद्रात माणूस जितका बरा असतो तितके बरे आहेत. फोनच केला असता, पण मी मोबाइलवर कुजबुजले की बाबा टीव्हीचा आवाज बंद करून ऐकतात. म्हणून हे पत्र. शेजारचे कॅशियर दुपारच्या गाडीने तुमच्या गावी निघालेत, त्यांच्या हाती देते आहे.

तुम्ही मागच्या वर्षी बाबांना तुमच्या खात्याचं ते आरोग्याचं सरकारी संकेतस्थळ दाखवलंत. (त्यांचा वेळ जाईल, असं तुम्हीच म्हणाला होतात. मी विसरलेले नाही.) त्यांचा नाही, आमचा गेला. ज्या माणसाने पस्तीस वर्षं बस डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून काढली, त्याच्या हाती तुम्ही बारा महिन्यांचं वेळापत्रक दिलंत! सकाळी सातला पान उघडायचं, कोणता महिना, कोणता राष्ट्रीय दिवस ते बघायचं, छापायचं आणि बारा कप्प्यांच्या फायलीत लावायचं. डोळ्यांच्या महिन्यात माझ्याकडे कपडे शिवायला येणाऱ्या बायकांना दारात उभं करून भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. (एक गिऱ्हाईक कायमचं गेलं. तिला खरंच दिसत नव्हतं.) हात धुण्याच्या दिवशी घड्याळ घेऊन नळापाशी उभे होते. शिवाय ज्या महिन्याचं जे दुखणं, ते बाबांना होणारच. हाडांच्या महिन्यात गुडघे, मूत्रपिंडांच्या महिन्यात कंबर. पहिली तारीख आली की जुनं दुखणं निवृत्त आणि नवं कामावर हजर. माझ्या नाकी नऊ आले होते, पण खरं सांगते, त्याची सवय झाली होती.

हा महिना दातांचा आहे आणि बाबा दातांबद्दल चकार शब्द काढत नाहीत. तिथेच मला शंका आली. मग लक्षात आलं की जिना चढताना ते दुसऱ्या मजल्यावर थांबतात आणि पाण्याच्या टाकीची नोटीस वाचतात. ती नोटीस वर्षभर तीच आहे. सोमवारी मी मागून आले तेव्हा त्यांचा एक हात कठड्यावर होता, दुसरा छातीवर, आणि शर्ट पाठीला चिकटलेला. काय होतंय विचारलं तर म्हणाले, "काही नाही, वाचतोय." चष्मा खिशात होता.

डॉक्टरकडे चला म्हटलं तर ऐकेनात. मग दातांचा महिना म्हणून त्याच संध्याकाळी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं (तिथे मात्र वेळेआधी दहा मिनिटं हजर). तिला मी आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. तिने दात बघायच्या आधी रक्तदाब बघितला, पुन्हा बघितला, हातातली हत्यारं खाली ठेवली आणि चिठ्ठी लिहून दिली: हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा, याच आठवड्यात. घरी येऊन बाबांनी चिठ्ठीची नीट घडी केली आणि फायलीत हृदयाच्या महिन्याच्या कप्प्यात लावली. तो महिना अजून दोन महिने लांब आहे, भाऊजी!

मी रागावले, रडले, एक वेळ जेवले नाही. त्यांचं एकच म्हणणं, तेव्हा मोफत तपासणीची शिबिरं असतात, सगळं पद्धतशीर होतं. "गाडी वेळेआधी सोडली तर मागून धावत येणाऱ्याने काय करायचं?" असं मलाच विचारलं. मी म्हटलं, बाबा, धावत येणारे तुम्हीच आहात. त्यावर त्यांनी टीव्ही लावला. आज गुरुवार. चिठ्ठीचे तीन दिवस गेले. ते झोपले की मी दाराशी उभी राहून श्वास मोजते, आणि मशीनवर बसले तरी कान तिकडेच असतात. काल एका गिऱ्हाइकाच्या कुडत्याला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

घरच्या सगळ्यांना नमस्कार आणि आशीर्वाद, ज्याला जे लागू असेल ते.

तुमची
वहिनी

ता. क. खरं काम हे आहे. ती महिन्यांची पानं तुम्हीच चढवता ना? मग उद्या सकाळी सात ते आठ, एकच तास, दात काढून तिथे हृदय लावा. पान दिसलं की ते स्वतः चपला घालतील. कोणी ओरडलं तर चुकून झालं म्हणा. सरकारी कामात कोणाला नवल वाटणार नाही.

ता. क. बोटीवर कळवू नका. तिथून त्यांना उडी मारता येणार नाही.

ता. क. सूनबाई लिफाफा आणायला गेली आहे. पत्र मी वाचलं. पान बदलू नकोस. ते बघून माझ्यासारखे अजून शंभर म्हातारे घराबाहेर पडतील. आणि महिन्याचं ते निमित्त होतं. तुझी आई तपासणीला पायी चालत गेली होती आणि परत आली नाही, हे तुला माहीत आहे. मला भीती वाटते रे. तिच्यासमोर घाबरता येत नाही, ती आधीच घाबरली आहे. तू ये. आपण दोघे जाऊ. — बाबा

ता. क. भाऊजी, वरचं मी वाचलं. वाचलं नाही असंच त्यांना सांगा. रात्रीच्या गाडीने निघा.