जीप दत्तूची, मागचं घर सरिताचं

लिहून ठेवणार: मनोज मंगळू लहांगे, वय वर्षे अठ्ठावीस, धंदा ड्रायव्हरकी व जमेल ते, मूळ राहणार हरसूलच्या वरच्या अंगाचा पाडा, हल्ली मुक्काम आडगाव नाक्याजवळ, नाशिक.

हे मृत्युपत्र मी माझ्या हातानं, दिवसाउजेडी, चहा पिऊन लिहीत आहे. दारू घेतलेली नाही, अंगात ताप नाही, डोकं जागेवर आहे. कोणी धमकी दिलेली नाही. बायकोनं अट घातली आहे, पण आल्हाद वकील म्हणाले की बायकोची अट कायदा धमकीत धरत नाही. यापूर्वी मी असं काही लिहिलेलं नाही. नववी सुटल्यापासून एवढं लांबलचक काहीच लिहिलेलं नाही, म्हणून शुद्धलेखन माफ करावं. अर्थ मात्र जसा लिहिलाय तसाच धरावा.

कलम १. हे आत्ताच का लिहितो.

माझ्याबरोबर गाडी चालवणारा एक जोडीदार गेल्या वर्षी कसारा घाटात गेला. दहाव्याचं पिंड उचलायच्या आत त्याचा टेंपो त्याच्या भावानं दारातून नेला. म्हणाला, वहिनीला कुठं चालवता येतो? त्याची बायको लंकाबाई आता दुसऱ्याच्या द्राक्षबागेत डिपिंगला, म्हणजे घड औषधात बुडवायला जाते. माझी बायको सरिता तिच्या शेजारच्या ओळीत होती. घरी येऊन मला म्हणाली, "तुमी हिंडा, मी नाय म्हनत नाय. पन घर कुनाचं ते आधी लिहा. मंग चावी फिरवा." तर मी लिहीत आहे.

कलम २. घर म्हणजे कुठलं, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्यात म्हातारी आई धाकट्याच्या चुलीवर जेवते. थोरला लग्न करून वेगळा निघतो, धाकटा आईजवळ राहतो. माझा थोरला भाऊ दत्तू वेगळा निघाला तेव्हा त्यात कोणालाच काही वाटलं नाही. धाकटा मी. पण माझी चूल एका जागी राहत नाही. मिसरूड फुटायच्या आधी मी ट्रकवर क्लीनर म्हणून चढलो. कांडला, गुवाहाटी, तुतिकोरीन सगळं बघितलं. गुवाहाटीकडं नदी इतकी रुंद आहे की पलीकडचा काठ म्हणजे ढग वाटतो, पण ते असो.

मी असा हिंडत असताना माझी आई चिमणाबाई भात-नागली उरकली की दिंडोरीकडं द्राक्षाच्या छाटणीला जायची आणि बागेच्या बांधावर प्लास्टिकच्या कागदाच्या खोपीत राहायची. दत्तू तिला न्यायला गेला की म्हणायची, "मी मनूच्या चुलीवं जेवनार. तो येस्तोवर माझी मी." पाड्यावरचे लोक मला तोंडावर म्हणाले की धाकटा असून म्हातारीला कागदाखाली ठेवतोस. ते खरं होतं. हिंडणं माझ्यानं सुटत नाही आणि आई दुसऱ्या चुलीवर जेवत नाही, मग राहिला एकच रस्ता. घरालाच चाकं लावायची.

कलम ३. चाकं कशी लावायची याबद्दल.

सिंहस्थाच्या साली त्र्यंबकला एक परदेशी जोडपं मोठ्या बसमध्ये घर करून आलं होतं. त्यांचा फॅनबेल्ट मी बसवून दिला म्हणून त्यांनी मला आत नेलं. पलंग, ओटा, नळ, आणि पुढं स्टेअरिंग. बाई कांदा चिरतेय आणि बाप्या गाडी मागं घेतोय, सगळं एकाच छपराखाली. त्याच थंडीत इगतपुरीला ध्यानाला आलेल्या दुसऱ्या एका माणसाचं घर बघितलं. त्याचं घर जीपच्या मागं, दोन चाकांवर, हुकाला अडकवलेलं. तो पिन काढायचा, घर झाडाखाली उभं करायचा आणि नुसती जीप घेऊन भाजीला जायचा.

म्हणजे एक गाडीतलं घर आणि एक गाडीमागचं घर. दोन वर्षं मी या दोघांच्या मध्ये लोंबकळत होतो. मला मनापासून गाडीतलं घर पाहिजे होतं. आई शेजारी बसेल, मी चालवीन, ती बोलेल. मागच्या घरात चालताना माणूस बसवता येत नाही, आरटीओवाले धरतात. शिवाय ट्रॉली मागं घेणं म्हणजे तुम्ही उजवीकडं वळवा, ती डावीकडं जाते. एकदा मोहाडीत मी एक ट्रॅक्टरची ट्रॉली मागं घेताना द्राक्षाच्या मांडवाचा खांबच पाडला. मालक धावत आला आणि मला सोडून ट्रॉलीलाच शिव्या द्यायला लागला.

म्हणून मी एक जुनी मिनीबस घेतली, बाकडी काढली, फळीचा पलंग ठोकला, आणि आई-सरिताला बसवून छाटणीला निघालो. पिंपळगावच्या अलीकडं गिअरबॉक्स गेला. गाडी ओढून गॅरेजात नेली. आता गाडी गॅरेजात म्हणजे घर गॅरेजात. आमचा पलंग जॅकवर चढला. मेकॅनिक म्हणाला, डिझेल सांडलंय, स्टो पेटवायचा नाही. आई खाली उतरली, अंगणात तीन दगड मांडले आणि भाकरी थापायला बसली. मेकॅनिकलाही दिली, त्याच्या पोरांनाही दिली. मला अजून संशय आहे की त्या भाकरीमुळंच त्यानं गिअरबॉक्स लांबवला. सरिता पिठाचा डबा पोटाशी धरून म्हणाली, "इंजन तुमचं बिघडलं. माझं घर कशाला जॅकवं?"

  तरी मी मिनीबसवरच अडून बसलो होतो. सोडवलं ते आल्हाद वकिलांनी. मृत्युपत्र कसं लिहायचं हे विचारायला त्र्यंबकला त्यांच्या घरी गेलो. त्यांचे वडील वेणीमाधव गुरुजी माझ्या बापाला ओळखायचे. वकिलांनी कागद ओढला आणि विचारलं, "मनोज, गाडी कोणाला आणि घर कोणाला?"

मी म्हणालो, "दोन्ही एकच आहे ना साहेब."

"मग वाटणी कशी करणार? चालवता येतं कोणाला?"

"दत्तूला."

"मग घर दत्तूचं झालं. मी काहीही लिहून दिलं तरी."

तिथंच ठरलं. इंजिन आणि चूल एका पत्र्याखाली असेल तर ज्याच्या हातात स्टेअरिंग त्याचीच चूल. लंकाबाईचा टेंपो तसाच गेला. मी मिनीबस विकली, जुनी जीप घेतली आणि मागचं घर बांधायला टाकलं. हा निर्णय आता फिरणार नाही. मी फिरतो, हा फिरणार नाही.

कलम ४. मागचं घर.

हे घर आडगाव नाक्यावर सावळीराम मिस्तरींच्या आवारात तयार होत आहे. लोखंडी सांगाडा, वरून पत्रा, आतून प्लायवूड, दोन खिडक्या, आणि मागल्या बाजूला खाली पडणारी फळी, जी उघडली की ओटा होतो. ओट्याची कल्पना सरिताची आहे, मिस्तरी सगळ्यांना स्वतःची म्हणून सांगतात. हे घर, त्याची चाकं, दांडी, पिन, आतली भांडी आणि मी मेल्यावर त्यात जे काही असेल ते सगळं माझी पत्नी सरिता हिचं. ते आरटीओकडून तिच्या नावावर पास करून घ्यावं. माझं त्याआधीच काही झालं तर मिस्तरींनी काम पुरं करावं आणि दाराची कडी आतून लावावी. ते बाहेरून लावायला निघालेत. ट्रकच्या फाळक्याची सवय आहे त्यांची. मी त्यांना म्हणालो, "मिस्तरी, ह्यात माल नाही, माणसं आहेत." ते म्हणाले, "माल चोरीला जातो रे, माणसांना कोण नेतंय?"

आई चिमणाबाई हयात असेतोवर तिचा या घरातल्या खिडकीकडच्या फळीवर हक्क आहे. तिला कोणी उठ म्हणू नये. सरितानं दुसरं लग्न केलं तरी घर सरिताचं आणि फळी आईची. हे मी सरिताला विचारून लिहिलं आहे. ती म्हणाली, "लिहा. नवराच तिला घाबरंल."

कलम ५. जीप.

जीप माझा थोरला भाऊ दत्तू मंगळू लहांगे याला. त्याला ती त्र्यंबक रस्त्यावर काळी-पिवळीसारखी चालवायची आहे, दहाच्या जागी सोळा माणसं कोंबून, हे मला ठाऊक आहे. चालवावी. पण अट अशी की छाटणीच्या आणि खुड्याच्या, म्हणजे घड उतरवायच्या हंगामात, आणि एरवीही सरिता म्हणेल तेव्हा, त्यानं जीप आणून घराला हूक लावायचा आणि ती सांगेल तिथं घर नेऊन उभं करायचं. यात कुरकूर केली तर जीपही सरिताची.

हे कलम मी त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हंजे मन्या, तू मेल्यावं मी तुझ्या बायकूचा बैल?"

मी म्हणालो, "दादा, आईला गॅरेजात वनवासाला बसवली असं पाड्यावर कोण सांगत फिरलं? आता बसव ना नीट."

त्यानं मिशी चावली. मग म्हणाला, "हूक कसा लावत्यात ते दाव तरी." दाखवला. त्याला पहिल्या फटक्यात जमला, हे मला आवडलं नाही. मागं घेताना मात्र त्यानं मिस्तरींचा पाण्याचा ड्रम चपटा केला.

कलम ६. वरच्या कलमाला पुरवणी, सरिताच्या सांगण्यावरून.

सरिता जीप शिकून तिला पक्कं लायसन मिळालं तर दत्तूची बैलकी सुटली, आणि जीप दोघांची निम्मी-निम्मी. ती म्हणाली, "भाऊजींच्या मिजाशीवं माझं घर का चालंल?" शिकवायला मी सुरुवात केली आहे. क्लच सोडताना ती डोळे मिटते. बाकी सगळं येतं.

कलम ७. किरकोळ.

पान्यांचा डबा सावळीराम मिस्तरींना, कारण त्यातले अर्धे पाने त्यांचेच आहेत. त्या परदेशी जोडप्यानं दिलेला भारताचा मोठा नकाशा दत्तूची मुलगी रोशनी हिला. त्यावर मी जिथं जिथं गेलो तिथं पेननं खुणा आहेत. जिथं खुणा नाहीत तिथं तिनं जावं. टेप सरिताला. टेप खराब आहे, एकच बाजू वाजते.

दिंडोरीकडच्या एका बागाईतदारानं एका हंगामात माझ्या आईला फवारणीच्या औषधांच्या खोलीत झोपवलं. रात्रभर ती खोकत होती. सकाळी तो म्हणाला की खोपीपेक्षा पक्की खोली दिली, उपकार माना. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही, दत्तूला आणि सरिताला माहीत आहे. त्याच्या बागेच्या हद्दीत हे घर कधीही उभं करू नये. त्यानं दुप्पट मजुरी कबूल केली तरी नाही. त्याचे घड वेलीवर सुकले तरी नाही.

कलम ८. शेवटचं. हे आधी नव्हतं.

सगळं लिहून झालं तेव्हा आईला वाचून दाखवलं. ती सुपात नागली पाखडत होती. सगळं ऐकलं आणि म्हणाली, "आन मला काय?"

मी म्हणालो, "तुला खिडकीची फळी. घर कुठंही गेलं तरी तू तुझ्या चुलीपाशी."

"कुटं जानार घर?"

"छाटणीला दिंडोरी, मग खुड्याला निफाड, मग उन्हाळ्यात वाटलं तर वापीकडं."

तिनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "अरं, तिथं तं मी चालत जात व्हते. चाकं कशाला लावली मंग? मी जिथं गेले तिथं कामाला गेले. तू आसाम का फिसाम बघून आला. मला बांध सोडून काय दावलंस? येकदा तरी बिनकामाचं ने."

 मी एवढा हिंडलो, एवढी घरं बघितली, पलंग ठोकले, वकिलाला विचारलं, आणि घर कुठं जाईल ते मी हंगामावर ठरवून मोकळा झालो होतो.

म्हणून हे कलम बाकी सगळ्या कलमांच्या वर धरावं. घर तयार होऊन पास झालं की पहिली फेरी आई चिमणाबाईची. हंगाम असला तरी आधी ती. मी असलो तर मी नेईन, नसलो तर दत्तूनं न्यावं, सरिताला लायसन मिळालं असलं तर तिनं न्यावं. चालताना आईनं जीपमध्ये पुढच्या सीटवर बसावं. पोचल्यावर तिनं कोणाच्या बागेत, शेतात, अंगणात काम करू नये आणि कोणी सांगू नये. भाकरी तिनं थापली तर ती तिच्या मनानं. परत कधी फिरायचं तेही तीच सांगेल.

कुठं जायचं ते मी विचारलं. तिनं सांगितलं नाही. "रस्त्याला लागल्यावं सांगन," म्हणाली. तर ज्याच्या हातात स्टेअरिंग असेल त्यानं नाक्यावर थांबून तिला विचारावं, आणि ती हात करील तिकडं गाडी वळवावी.

वर लिहिलेलं सगळं मला मान्य आहे. पुढं मी दुसरं काही बडबडलो तरी हेच खरं धरावं.

सही: मनोज मंगळू लहांगे

साक्षीदार, ज्यांना यातून वाटणी काही नाही:
१. आल्हाद वेणीमाधव पाटणकर, वकील, त्र्यंबकेश्वर. (सही)
२. लंकाबाई, माझ्या गेलेल्या जोडीदाराची बायको, हल्ली राहणार दिंडोरी. (डाव्या हाताचा अंगठा)

सावळीराम मिस्तरींना साक्षीदार व्हायचं होतं, पण पान्यांमुळं वकिलांनी नको म्हटलं. ते रागावले आहेत.

ठिकाण: नाशिक
दिनांक: १२ मे २००६