चर्चच्या हॉलचा कौल

पुणे, ३ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप काकांस,
संचिताचा साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मग तुम्ही नुसतं हो हो म्हणता, म्हणून पत्र.

कंपनीने महिनाभरासाठी इथे बोलावलंय. साहेबांना आपल्या गावच्या चर्चच्या हॉलमधले फोटो दाखवले. गावातून ऑनलाइन नोकरी करणारी आम्ही अकरा माणसं, अकरा लॅपटॉप. जागा वर्षभरासाठी पक्की झाली तर मला कायम गावातून काम करता येईल, नाहीतर पुण्यात बिऱ्हाड करावं लागेल. फादर करार करायला तयार आहेत. रविवार आणि लग्नं सोडून हॉल आमचा. अट एकच, दुपारी बाराची घंटा झाली की दोन मिनिटं सगळ्यांनी मीटिंग गप्प करायची. आमच्यातली आकांक्षा म्हणते, दिवसभरात शहाणपणाची तेवढीच दोन मिनिटं.

परवापर्यंत ही माणसं आपापल्या पडवीत रेंज शोधत एकटी बसायची. आता एकमेकांचे डबे पळवतात आणि पंख्यावरून भांडतात. मला याहून जास्त काही नको आहे.

सही करण्याआधी ग्रामदेवी सातेरीचा कौल घ्यावा, हे तुमचंच म्हणणं. मी तिथे नाही, तेव्हा माझ्या वतीने तुम्ही देवळात जा. येईल तो कौल मला मान्य. बाबांच्या मागे माझं सगळं तुम्हीच पाहिलंत, हेही पाहा.

अशीच माया राहू दे.
तुमची संचिता

घरून, १० ऑक्टोबर

चि. संचितास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. भात कापणीला आले आहे, माणसे मिळत नाहीत. काकीचे गुडघे आणि तिची बडबड, दोन्ही चालू.

मंगळवारी देवळात गेलो. मंगेश गुरवाने गाऱ्हाणे घालून देवीला पाकळ्या लावल्या. होकाराची उजवी जागची हलली नाही, नकाराची डावी पडली. माझे मन मानेना, म्हणून पुन्हा लावायला सांगितले. पुन्हा डावीच. देवीपुढे आपण कोण? फादरना लगेच कळवून टाक, भल्या माणसाला ताटकळत ठेवू नये. वाईट वाटून घेऊ नकोस, पोरी. पुण्यात तुझे बरेच होईल.

दिवाळीला ये. आमचा जीव तुझ्यात आहे.
तुझा काका, परशुराम

घरून, १ डिसेंबर

चि. संचिता,
काकीचे आशीर्वाद.

दिवाळीला तू आली नाहीस, तेव्हाच मला चुकल्यासारखं झालं होतं. परवा बाजारात मंगेश गुरव भेटला. संचिताच्या हॉलचो कौल कधी लावूचो, म्हणून विचारत होता.

घरी येऊन ह्यांना धरलं. त्या मंगळवारी हे देवळात गेलेच नव्हते. आपल्या कौस्तुभबरोबर सावंतवाडीला टेबलं बघायला गेले होते. गणपतीत कौस्तुभची मुंबईची नोकरी गेली, ते तुला ठाऊक आहेच. तू नकार कळवलास आणि ह्यांनी आठवड्यात तोच हॉल त्याच्या नावावर घेतला. संचिताला पुणंच आवडतं, असं फादरनाही सांगितलं आणि कौस्तुभलाही. तुझी माणसं आता त्याला भाडं देऊन तिथेच बसतात.

देवीला विचारायचं तरी, असं मी म्हटलं. तर म्हणाले, उजवो इलो असतो तर?

कौस्तुभ माझा मुलगा आहे, तरी लिहिते. गप्प राहून घास उतरेना. माझं नाव सांगितलंस तरी चालेल.

काकीला दूर करू नकोस.
सुगंधा

पुणे, ८ डिसेंबर

काकांस,
नमस्कार.

काकीचं पत्र आलं. तुम्ही माझा विश्वासघात केलात. हे वाक्य तीनदा लिहून खोडलं, पण दुसरा शब्द सापडला नाही.

कौस्तुभदादाला उठवायला मी येणार नाही. कंपनीने माझी इथली जागा गेल्याच महिन्यात पक्की केली, आता मागून गाव मिळायचं नाही. आकांक्षा फोन करते. मी सगळ्यांना सोडून का गेले, ते ती विचारत नाही, आणि त्याचाच त्रास जास्त होतो.

दोन महिने मी शोधत होते, देवीने मला दोनदा नको का म्हटलं. चर्चमध्ये जाऊन बसले म्हणून? बाबांच्या श्राद्धाला रजा मिळाली नाही म्हणून? त्याच शरमेने दिवाळीला घरी आले नाही. तुम्ही निमंत्रण लिहिलंत आणि ही शरमही तुम्हीच दिलीत.

आणि काका, याची गरजच नव्हती. कौस्तुभला हॉल हवा आहे, तू सोड, एवढी एक ओळ लिहिली असतीत तर मी सोडला असता. तुमच्या शब्दाखातर सोडला असता.

काकीवर राग काढू नका, एवढंच मागणं.
संचिता