कोन कुठं गेलंय

५ ऑक्टोबर
सुकन्या गेली पुण्याला. लेक दोन दिवस आलती, पन तोंड सगळा येळ हितं ठिवायला आनलेल्या कॉम्प्युटरमधी. माझी वही त्यात उतरवली — ऊसतोडीला कोन कुठल्या कारखान्याला गेलं, लेकरं-म्हातारी कुनापाशी ठिवली, फोन नंबर. बावीस वर्षं म्याच लिहिलं. म्हनली, माहिती राहील तुझ्याच घरात, पन क्लाऊडला जोडलीय. कुनीबी कुठूनबी मोबाइलवर बघंल, आपलं नाव आपनच भरंल.
म्या म्हनलं, मंग मी काय करू?
"काहीच नाही आई. फक्त बटन बंद करू नको."

२७ ऑक्टोबर
टोळ्या निघाल्या. दरसाल जायच्या आदी एकेक घर ओट्यावर येतं, चहा पितं, भांडतं, नाव लिहून जातं. औंदाबी पातेलंभर चहा ठिवला. अजिनाथचा ट्रॅक्टर दारापुढं थांबला. उतरलं कुनीच न्हाई. त्याची बायको मंगल वरूनच मोबाइल दावून म्हनली, "आत्या, नाव टाकलं बरं का. तुमाला तरास न्हाई."
बरं झालं. चहा मोरीत ओतून दिला.

८ नोव्हेंबर
गावात म्हातारी आन शेळ्या.

११ नोव्हेंबर
कॉम्प्युटर नुसता घूं घूं करतोय. कुनासाठी? बटन दाबून टाकलं.

१२ नोव्हेंबर
सकाळपासून फोन थांबंना! अजिनाथ सांगलीकडून — यादी उघडंना, तुमी बऱ्या हायेत नव्हं? उत्तरेश्वर मुकादम म्हनला, आमाला वाटलं आत्या गेली, आता ऊस सोडून दहाव्याला यावं लागतंय का काय. मेला! मंगल तर किती येळ बोलली — ओढ्याला पानी हाय का, सासूचा डोळा कसा हाय, शेळी व्याली का.
सुकन्याचाबी आला. हितलं बटन बंद केलं की सगळ्यांचंच बंद पडतंय म्हनं. लई रागावली. पन अर्धा तास बोलली. जेवलीस का, ते विचारलं.
चालू केलं.

२० नोव्हेंबर
एक फोन न्हाई. सुकन्याला म्याच लावला — मीटिंगमधी हाय म्हनली.

२१ नोव्हेंबर
आज बटन मुद्दाम बंद केलं. कुनाचं लेकरू आजारी पडलं तर विचारतील की मला, मी कुठं गेलेय? फोन चार्ज करून ओट्यावर बसले. दिवसभर.

२२ नोव्हेंबर
फोन न्हाई. सुकन्याचा मेसेज तेवढा — "आई, तिथं मधेच बंद पडतं म्हणून परवा सगळी यादी क्लाऊडवरच हलवली. आता तुझा कॉम्प्युटर बंद असला तरी कुणाचं काही अडत नाही."