अर्धी वाट

बुआके, आयव्हरी कोस्ट
७ सप्टेंबर १९९८

गौतमी,

सप्रेम जयभीम. मी बरा हाय. मामा-मामी ठीक असतील. माझ्या आईला सांग, इथंही ज्वारी मिळते, फक्त भाकरी थापणारं कुणी न्हाई.

तुझं पत्र पोचलं. उत्तराआधी इथलं थोडं सांगतो.

इथं फ्रेंच बोलतात. मी सातवी नापास, पण ह्या भाषेची चटकच लागली. आपलं पोकलेन हाय ना, ते नावसुद्धा फ्रान्सचंच निघालं. म्हंजी रांजणगावात मी रोज फ्रेंचच चालवत होतो. बकेट जोरात फिरली की खालचा माणूस म्हणतो, "दूसमां." म्हंजी हळू. आवा मावशी सांगते, त्या शब्दात गोडी लपलीय. रांजणगावचा सुपरवायझर हळू म्हणायचा ते आईवरनं शिव्या घालून. दुपारी केबिनमधी मी एकटाच पुटपुटतो, दूसमां, दूसमां. लाल धुराळा सावकाश खाली बसतो, आन् पलीकडं भीमेचं पाणी चमकल्यागत वाटतं.

आवा मावशी आमच्या मेसची स्वयंपाकीण. हातपाय धुऊन आलो तरी "बोन आरिव्हे" म्हणते. चांगलं पोचलास, असं. मी दौंडमधनं कितींदा पळालो, परत आल्यावर असलं काही कुणी म्हटलं न्हाई. तू तेवढी म्हणायचीस, "आलास व्हय, दगडा?"

आता तुझं. भिगवणचा मास्तर तुला बघून गेला, मामा दिवाळीत शब्द देणार, आन् तू मला विचारतेस, हो म्हणू का. इकडं कंपनीनं आणखी दोन वर्षांचा करार पुढं केलाय. लिहिणार होतो, हो म्हण. मास्तर घरी राहणारा माणूस.

काल मावशीच्या घरी जेवलो. उठताना नुसतं "जातो" म्हटलं, तर ती रागावली. इकडं पाहुण्यानं वाट मागायची असते, म्हणाली, आन् घरच्यानं द्यायची. मागितली. तर म्हणते, "अर्धी दिली." सगळी कुणी देत न्हाई. सगळी दिली तर माणसाला माघारी यायचं कारणच उरत न्हाई.

तवा कळलं, पत्रात तू माझ्याकडं वाटच मागितलीस. सगळी द्यायला हात धजत न्हाई, गौतमी. करारावर सही केली न्हाई मी. मामांना थोपवून धर. अर्धीच देतो. उरलेली घेऊन दिवाळीच्या आत मीच येतोय. मग न्हाई म्हणायचं तर तोंडावर म्हण.

तुझ्याकडं निघालेला,
संघर्ष