पाडव्याला उभी राहिलेली काठी

करामा, दुबई
२५ फेब्रुवारी १९९९

ती. ताईस,
चारूचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. क्लबाच्या स्टोअरमधून घरी आलं की हल्ली जेवायचाही कंटाळा येतो. त्यात पुढच्या महिन्यात आमचा डच पाहुणा येतोय, वाउटर. तुला ठाऊक आहेच, इथली गोल्फची स्पर्धा आली की तो खेळतो आणि मी रजा टाकून त्याची काठ्यांची बॅग उचलतो.

नव्वद साली पहिल्यांदा आला तेव्हा पंचतारांकित हॉटेलात होता, पेपरात फोटो. तीन वर्षांनी युरोपात एक मोठी स्पर्धा जिंकला. मग खांदा गेला. पुढे साधं हॉटेल, मग कुणाचा तरी रिकामा फ्लॅट, आणि आता दोन वर्षं आमचा सोफा. बेचाळिशीचा उंच माणूस पाय मुडपून झोपतो, पण सकाळी तक्रार नाही. त्याच्या जुन्या काठ्या आपल्या ईशानीला देऊन टाकल्यात. पोरगी त्याच्याशी तासन् तास बोलते. आम्ही मराठीत विचारलं तरी उत्तर मात्र इंग्रजीत!

अठरा मार्चला स्पर्धा सुरू होते, आणि यंदा त्याची शेवटची संधी आहे. पहिल्या दोन दिवसांनंतर निम्मे खेळाडू घरी जातात. त्यात हा गेला, तर मोठ्या स्पर्धांचा त्याचा परवाना जाईल आणि खेळ खलास. मला बघवत नाही गं.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
चारू

सांगली
६ मार्च १९९९

चि. चारूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बेचाळिसाव्या वर्षी चेंडूमागे उन्हात हिंडणारा एक आणि त्याचं ओझं वाहणारा दुसरा! हौसेला मोल नाही हेच खरं. माझे गुडघे म्हणतात शाळा पुरे झाली, पण जूनपर्यंत ओढते.

कालनिर्णय बघितलंस का? स्पर्धा सुरू होते त्याच दिवशी पाडवा आहे. असा मुहूर्त मागून मिळत नाही. गुढी उभारा, त्याच्या हातावर दही-साखर ठेवा आणि मगच घराबाहेर पडा. गेल्या वर्षी काठी मिळाली नाही म्हणून गुढी राहिली, ते कारण यंदा चालायचं नाही. ईशानीची एखादी जुनी काठी घ्या, देव काठीची जात बघत नाही. मात्र सूर्य मावळेपर्यंत उतरवायची नाही, हे तुझ्या स्मिताला सांग.

सगळ्यांनी जपून राहा, म्हातारीला पत्राची वाट पाहायला लावू नका.

तुझी,
प्रमिलाताई

करामा, दुबई
२२ मार्च १९९९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लिहायला हात उचलवत नव्हता. वाउटर स्पर्धेत टिकला नाही. एका फटक्याने बाहेर गेला.

पाडव्याला स्मिताने पहाटेच गुढी उभारली. ईशानीच्या काठ्या आणि वाउटरची बॅग एकाच कोपऱ्यात होती. अंधारात तिने सगळ्यांत लांब काठी उचलली, ती नेमकी वाउटरची, लांब पल्ल्याची. वर खण, गाठी, कडुलिंब, तांब्या. ओळखू कशी येणार? आम्ही दोघांनी त्याच गुढीला नमस्कार केला, दही-साखर खाल्ली आणि निघालो. निघताना काठ्या मोजणं माझं काम. सणाच्या गडबडीत मी बॅगेचं झाकणसुद्धा उघडलं नाही.

खेळ सुरू व्हायच्या तोंडावर त्याने ती मागितली, तर बॅगेत ती नव्हती. घरी फोन लावला, तेव्हा कळलं की ती गुढीला आहे. टॅक्सीने पाठवली असती तर नियमाने ती खेळाच्या मधेही घेता आली असती. पण स्मिता फोनवर रडायला लागली. त्याने कारण विचारलं. गुढी अशी सकाळीच उतरवणं अशुभ, हे मी कसंबसं सांगितलं. त्याने माझ्या हातातून फोन घेतला, तिला म्हणाला की उभी राहू दे, आणि ठेवून दिला. मग मला म्हणाला, यल्ला, चल.

आखूड काठीने त्याने दिवस काढला. शेवटी एका ठिकाणी आडवं तळं आहे. लांब काठीने तो ते दरवर्षी सहज ओलांडतो. या वेळी चेंडू पलीकडच्या काठाला लागून पाण्यात गेला आणि एक फटका दंड बसला. दुसऱ्या दिवशी काठी हातात होती, सुंदर खेळला, पण तो एक फटका भरून निघाला नाही.

जाताना त्याने स्मिताला सांगितलं, त्या काठीने काही फरक पडला नसता. ती रोज मला तेच विचारते, मी रोज तेच सांगतो. ताई, खोटं आहे ते. पडला असता. तिला कधी लिहू नकोस. फार थकलोय.

आहे तेवढा लोभ राहू दे, जास्त मागायचं धाडस नाही.

तुझा,
चारू

सांगली
२ एप्रिल १९९९

चि. चारूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राच्या आदल्या दिवशी स्मिताचं पत्र आलं. वाउटर परत गेला त्याच संध्याकाळी तिने ईशानीला विचारलं, आणि पोरीने तळ्यासकट सगळं समजावून दिलं. तेव्हापासून तिला माहीत आहे. रोज विचारते ते स्वतःसाठी नाही रे. काठ्या मोजल्या नाहीत म्हणून तू झोपत नाहीस. दिवसातून एकदा तरी तुझ्या तोंडून मोठ्याने निघावं की फरक पडला नसता, म्हणून विचारते. वन्सं, त्यांना सांगू नका, अशी मला शपथ घातली आहे.

शपथ मोडते आहे. काठी सुचवणारी मीच, तेव्हा पापातला वाटा माझाही. पण एका ताटात जेवणारी माणसं एकमेकांपासून रडू लपवतात, हे मला सोसत नाही.

उद्या ती विचारेल तेव्हा फरक पडला असता, असंच म्हण.

दोघांनाही जवळ घेऊन,
तुझी ताई