वाटीतलं एक रोप

अंबत्तूर, मंगळवार संध्याकाळ

चिकुनगुनियाच्या धास्तीने घरमालकीण मामी म्हणाल्या, घरातलं सगळं पाणी झाका. मी बादल्यांबरोबर फिशटँकवरही काच ठेवली. मासे डासांच्या अळ्या खातात, हे डोक्यातच आलं नाही. आठवडाभर काचेला आतून वाफ धरून थेंब गळत राहिले आणि वर तरंगणारी रोपं कुजली. मीनलची रोपं. बाळंतपणाला साताऱ्याला जाताना तिने एकच बजावलं होतं, पानांवर पाणी पडू देऊ नकोस.

नखाएवढं एक रोप उरलंय. वाटीत ठेवलंय. मुळं काळी पडतायत, की मलाच तसं वाटतंय?

आत्ता तिचा फोन आला. सांगणारच होतो, तेवढ्यात म्हणाली, "तू रोपं सांभाळतोयस ना, मग मला बाळाची काळजी नाही."

हं म्हटलं. आणि परत वाटीपाशी गेलो.