हरकत पहिल्या संधीलाच

४ मे
वकिलीच्या सनदेची परीक्षा जूनच्या शेवटच्या रविवारी. बाकीचे पेपर मागेच सुटले. राहिलाय एकच : कोर्टाची कार्यपद्धती आणि अधिकारक्षेत्र. या पेपरात मी दोनदा नापास झालो असं लोक म्हणतात. वस्तुस्थिती अशी की तो पेपर दोनदा मला समजून घेण्यात कमी पडला. हा तिसरा प्रयत्न आणि नियमाप्रमाणे शेवटचा. दावा कुठे लावायचा, समन्स कोणी बजावायचं, मुदत कधी संपते, असल्या कारकुनी गोष्टींपाशी न्याय ताटकळत उभा राहतो, हे मला मुळातच अमान्य आहे. पण आधी पास व्हायचं, मग हे सगळं मोडून काढायचं. उद्यापासून पहाटे उठणे.

५ मे, पहाट
उठलो. अन्यायाविरुद्ध इतके विचार मनात आले की पुस्तक उघडणं क्षुद्र वाटलं. आरशासमोर अंतिम युक्तिवाद केला. शेजाऱ्यांनी भिंतीवर थापा मारल्या. दाद मनापासूनची होती, पण जरा लवकर आली. अजून मुद्द्यावर यायचं होतं.

८ मे
सीनियरनी केबिनमध्ये बोलावलं. गेली काही वर्षं त्यांच्या फायली वाहतोय, कोर्टात त्यांच्या मागच्या बाकावर तोंड मिटून बसतोय. सनद नसलेल्याला तिथे बोलता येत नाही. कॉलेजात वादविवादाच्या ढाली जिंकून आणलेलं तोंड हे! म्हणाले, आपल्या पक्षकाराच्या गोदामाची भिंत वाचवायची केस ऑगस्टमध्ये अंतिम युक्तिवादाला येतेय. सनद मिळाली तर तू उभा राहा, नाही तर माझी भाची राहील. भाचीही याच परीक्षेला बसतेय, पहिल्यांदा. इतकं हळू बोलते की मी तिचं नाव कुजबूज ठेवलंय. भिंतीसाठी बोलायचं तर आवाज भिंतीपलीकडे जाणारा हवा. निर्णय झाल्यातच जमा.

१४ मे
अधिकारक्षेत्राचा धडा घेतला. मोठ्याने, येरझाऱ्या घालत वाचल्याशिवाय माझ्या डोक्यात काही शिरत नाही. आई म्हणाली, आमच्या डोक्यात शिरलं, तुझं तू बघ. घराण्यात विनोदाची परंपरा आहे. अभ्यासाची मलाच सुरू करावी लागणार.

१९ मे
अभ्यास का होत नाही, याचं कारण सापडलं. टेबल. घरात मोठं टेबल एकच, आणि त्यावर बायको शाळेचे गणवेश कापते. मी पुस्तक ठेवलं की ती त्यावर कात्री ठेवते. आज माझ्या टिपणांवर एका बाहीचा आकार खडूने काढलेला आढळला. हा प्रश्न भांडून सोडवायचा नाही. कायद्याने सोडवायचा. प्रात्यक्षिकही होईल.

२० मे
आईच्या कोर्टात दावा दाखल केला. तिने भाजी निवडता निवडता ऐकून घेतला आणि परत केला.
"टेबल बाहेरच्या खोलीत आहे ना? भांडण तिथेच झालं ना? माझी हद्द स्वयंपाकघरापुरती. तिकडे लाव दावा."
बाहेरच्या खोलीत बायको एकटीच होती. म्हणाली, मी प्रतिवादी आहे, माझाच निकाल मी कसा देऊ? पुन्हा स्वयंपाकघर. अखेर आई खुर्ची घेऊन बाहेरच्या खोलीत येऊन बसली आणि म्हणाली, आता बोल. तेवढ्यात जेवणाची वेळ झाली.

२३ मे
बायकोने कैफियत दिली. एकच ओळ : टेबल माझ्या मशीनबरोबर आलं आणि शाळा उघडायला आलीय. मी यावर तासभर बोललो. श्रम आणि ज्ञान यांच्या नात्यापासून सुरुवात केली. गुलामगिरीपर्यंत आलो तेव्हा कुकरमधलं पाणी संपल्याचा वास आला. कामकाज तहकूब.

२४ मे
अन्याय. उरलेल्या युक्तिवादाची तयारी न्हाणीघरात करत होतो, कारण तिथे आवाज घुमतो. बाहेर येईपर्यंत निकाल लागला होता. वादी गैरहजर, दावा काढून टाकला. मी घरातच होतो, असं सांगितलं. आई म्हणाली, घरात होतास, कोर्टात नव्हतास. हे या दोघींना कुठून सुचतं, कळत नाही. अपील कुठे करायचं ते धड्याच्या शेवटी आहे, असं बायकोने सांगितलं. अजून तिथवर पोचलो नाही.
तूर्त अभ्यास गॅलरीत, स्टुलावर. थोर माणसांनी तुरुंगात बसून ग्रंथ लिहिले आहेत.

२ जून
गॅलरीत ऊन. अभ्यास सायंकाळी.

३ जून
सायंकाळी डास.

११ जून
कुजबूज घरी आली. सोडवलेले जुने पेपर घेऊन आली होती. एकत्र बसू या, म्हणाली असावी. मी तिला वक्तृत्वावर चार गोष्टी सांगितल्या : श्वास पोटातून घ्यावा, नजर शेवटच्या रांगेवर. तिने त्या लिहून घेतल्या नाहीत.
पण दिवस फुकट गेला नाही. पुस्तक चाळताना त्या रखरखाटात एक पेटतं वाक्य सापडलं. दावा चुकीच्या ठिकाणी लागलाय, ही हरकत पहिल्या संधीलाच घ्यायची. गप्प बसलात तर हक्क गेला. उभा राहून ते पुन्हा पुन्हा म्हटलं. हे कलम नव्हे, ललकारी आहे.
कुजबूज म्हणाली, "दादा, पुढचं वाक्यही वाचा."
पुढचं उद्या.

२७ जून
पुढचं राहिलं. पण माणसाने सगळंच वाचलं तर स्वतःचा विचार केव्हा करणार? मन शांत आहे. बायकोने नवा शर्ट शिवून दिला. एवढे गणवेश शिवून झाल्यावर. म्हणाली, या वेळी सुटा एकदाचे. आवाज जरा ओला होता. कापसाची धूळ असेल.

२८ जून, दुपार
आज इतिहास घडला.
प्रवेशपत्रावर छापलेलं : हॉल नंबर चार. केंद्रावर गेलो तर हॉल चारला रंगकाम, म्हणून सगळ्यांना वाचनालयात बसवत होते. शंभर भावी वकील, आणि एकानेही तोंड उघडलं नाही. मेंढरांसारखे जाऊन बसले. मी दारातच थांबलो. ही पहिली संधी होती.
पर्यवेक्षक म्हणाल्या, बसून घ्या, पेपर वाटतेय. मी म्हणालो, बसलो तर हक्क गेला. त्यांनी केंद्रप्रमुखांना बोलावलं. मी पोटातून श्वास घेतला. छापील शब्दाचं पावित्र्य, ठिकाण आणि न्याय, आज हॉल बदलला, उद्या काय काय बदलाल! वाचनालयात माना खाली घालून पेनं चालली होती. कुजबुजीने एकदाही वर पाहिलं नाही. केंद्रप्रमुख मध्ये दोनदा घड्याळाकडे बघून काही सांगत होते. मी म्हणालो, मला पूर्ण करू द्या.
शेवटी ते हरले. म्हणाले, जा बाबा, बस चारमध्ये.
जिंकलो! आयुष्यातला पहिला निकाल माझ्या बाजूने.
हॉल चारमध्ये मी, एक बाक, एक रंगाची परात आणि परांचीवर दोन रंगारी. पेपर हातात पडला तेव्हा थोडाच वेळ उरला होता. मी वेळ वाढवून मागितला.
"हॉल देणं माझ्या हातात होतं," केंद्रप्रमुख म्हणाले. "वेळ देणं मंडळाच्या हातात आहे. माझा अधिकार नाही तो."
पहिलाच प्रश्न : ठिकाणाबद्दलची हरकत केव्हा ग्राह्य धरली जाते? एवढा मात्र आवेशाने लिहिला. रंगाऱ्यांना वाचून दाखवायच्या बेतात होतो, तेवढ्यात घंटा झाली.
जिन्यावर कुजबूज भेटली. म्हणाली, हरकत नुसती वेळेवर घेऊन चालत नाही, चुकीच्या ठिकाणामुळे अन्यायही झालेला असावा लागतो. पुढचं वाक्य तेच होतं. वाचनालयात पंखे होते, असंही म्हणाली.
शर्टावर पिवळा ठिपका पडलाय. बायकोला अजून दाखवला नाही.

१९ जुलै
निकाल. कुजबूज पहिल्या दहात. माझं नाव यादीत नाही. यादी चुकीच्या फलकावर लावलीय, ही हरकत मनात आली. घेतली नाही.
बायकोने टेबल रिकामं करून दिलं, वापरा म्हणाली. त्यावर काय ठेवावं सुचेना.

६ ऑगस्ट
भिंतीची केस. मागच्या बाकावर बसलो. कुजबूज उभी राहिली आणि नेहमीइतकंच हळू बोलली. न्यायाधीश पुढे वाकले. समोरचा वकील पुढे वाकला. सगळं कोर्ट पुढे वाकलं. तिचं बोलणं पाच-सात वाक्यांत संपलं. भिंत राहिली. वक्तृत्वाच्या दृष्टीने निराशाजनक.

२१ ऑगस्ट
मला कोर्टात उभं करायचा शब्द सीनियरनी पाळला, असंच म्हटलं पाहिजे. कोर्टाच्या दारात पक्षकारांचा पुकारा करणारा शिपाई लांब रजेवर गेलाय. त्याच्या जागी त्यांनी माझं नाव सुचवलं. म्हणाले, सनद लागत नाही, आवाज लागतो.
आज पहिला दिवस. कॉरिडॉर लांब आहे, छत उंच. पोटातून श्वास घेतला, नजर शेवटच्या रांगेवर. जिन्याखाली डबा खात बसलेला एक म्हातारा दचकून उभा राहिला. ज्याला पुकारलं तो तो नव्हताच.
घरी आल्यावर आईने विचारलं, "मिळालं का रे कोर्टात बोलायला?"
मिळालं, म्हणालो.
"किती वेळ?"
प्रत्येकाच्या नावाने तीनदा.
बायको मशीन थांबवून म्हणाली, "आणि कोणी मध्ये अडवलं नाही?"
नाही, कोणीच नाही.
"मग जेवायला या," ती म्हणाली. एकदाच. गेलो.